जुन्या ठाण्यातली परमिट रूम आणि क्राफ्ट बिअरचे चार टॅप: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

ही परमिट रूम जुन्या ठाण्यात आहे, स्टेशनवरून चालत जाता येईल अशी. नाव आणि गल्ली सांगत नाही, मालकांची तेवढी एकच अट होती, बाकी सगळं लिही म्हणाले. मालक साठीतले, सगळे त्यांना काका म्हणतात, मीही काकाच म्हणतो. खाली साधं, वर एसी, आणि किचन खरंच चांगलं. बोंबील, सुरमई, कोळंबी, चणा कोळीवाडा, काळ्या मसाल्यातलं सुकं मटण. गिऱ्हाईक वर्षानुवर्षांचं, म्हणजे वागळे इस्टेटमधले वर्कशॉपवाले, बँकेतून रिटायर झालेल्यांचं एक टेबल, आणि गेल्या काही वर्षांत ट्रान्स-हार्बरने ऐरोली-घणसोलीहून ठाण्याला उतरणारी आयटीतली पोरं. बिअर म्हणजे बाटलीतली स्ट्राँग, बर्फासारखी थंड, विषय संपला.

काकांचा मुलगा हॉटेल मॅनेजमेंट करून काही वर्षं पुण्यात नोकरी करून परत आला. पुण्यात राहिलेल्या माणसाला क्राफ्ट बिअर (छोट्या ब्रुअरीत बनणारी बिअर) समजावून सांगावी लागत नाही, २००९ मध्ये तिथे स्वतःची बिअर बनवणारं डूलाली सुरू झालं आणि एका शहराची बिअर पिण्याची पद्धतच हळूहळू बदलत गेली. मुंबईत लोअर परळला २०१३ च्या सुमारास द बार्किंग डिअर आलं, मग बाकीचे आले, आणि आपल्या ठाणे जिल्ह्यात म्हणाल तर गेटवे ब्रुइंगने डोंबिवलीत बिअर बनवायला घेतली, तीही स्वतःच्या पबपुरती नाही तर इतर बारना केग (बिअरची स्टीलची पिंपं) पुरवण्यासाठी. माझ्या मते इकडच्या भागासाठी ही फार मोठी गोष्ट होती, कारण स्वतःची ब्रुअरी टाकणं कुणाच्याही आवाक्यातलं नाही पण भिंतीला एक टॅप, म्हणजे केगमधली बिअर काढायची तोटी, लावणं साध्या परमिट रूमलाही जमू शकतं.

मुलाचं गणित हेच होतं. आयटीवाली पोरं आठवडाभर आपल्याकडे येतात आणि शनिवारी घोडबंदर रोडच्या नवीन पबमध्ये जातात, तिथे टॅप आहेत आणि खाणं आपल्यापेक्षा कमी आहे, मग आपण टॅप लावले तर? काका आधी नाही म्हणाले, मग हो म्हणाले. एकदम चार टॅप बसले. एक वाइस (गव्हाची, केळ्या-लवंगेच्या वासाची), एक विट (तीही गव्हाची, पण संत्र्याचं साल आणि धने घातलेली), एक आयपीए (कडवट, हॉप्स या सुगंधी फुलांच्या वासाची), एक स्टाउट (काळी, कॉफीसारख्या चवीची). मी हॉटेलांना ड्राफ्ट बिअरच्या सर्व्हिसबद्दल मदत करतो, पण या घरात मला बोलावलं गेलं ते गोष्टी बिघडल्यावर, त्यामुळे सुरुवातीचा भाग मी काका, मुलगा आणि कॅप्टन अशा तिघांकडून ऐकून लिहितोय.

पहिला निर्णय: कधी सुरू करायचं

टॅप सुरू झाले गटारीच्या आठवड्यात. श्रावण लागायच्या आधीची ती गर्दी ज्यांनी पाहिलीय त्यांना वेगळं सांगायला नको, वर-खाली एक टेबल रिकामं नसतं. साहजिकच चारही केग भराभर संपले, मुलगा खूश, काकाही खूश, आणि त्याच जोशात पुढची ऑर्डर दिली गेली, तेवढीच, तीस लिटरचे चार केग. आणि मग श्रावण लागला.

जुन्या ठाण्यातलं गिऱ्हाईक बहुतांश मराठी आहे, त्यातले निम्मेअधिक श्रावण पाळतात. त्यानंतर गणपती, घरोघरी माणसं बिझी, अनंत चतुर्दशीला ड्राय डे. जे केग चार-पाच दिवसांत संपले होते तसेच केग आता आठवडेच्या आठवडे उघडे राहिले. बाटलीला याने काही फरक पडत नाही, बाटली सीलबंद आणि पाश्चराइज केलेली असते. छोट्या ब्रुअरीची केगमधली बिअर बहुतेक वेळा पाश्चराइज केलेली नसते, यीस्टही थोडं तिच्यात असतंच, ती दुधासारखी सांभाळावी लागते. न उघडलेला केग सतत थंड ठेवला तर साधारण दीड-दोन महिने चालतो, पण एकदा टॅपला लावला की दोन-तीन आठवड्यांत संपलेला बरा, आणि आयपीएसारखी हॉप्सच्या वासावर उभी असलेली बिअर त्याहून लवकर.

गटारीच्या आठवड्यावरून वर्षाची मागणी ठरवली गेली, पुढच्या बऱ्याच गोष्टींचं मूळ इथे आहे असं मला वाटतं. मुलाला पुण्यातल्या पबचा अनुभव होता पण तिथे श्रावणाचा एवढा फरक पडत नव्हता, आणि काकांना श्रावणाची पूर्ण कल्पना होती पण बिअर खराब होते हे माहीत नव्हतं. दोघांपैकी प्रत्येकाकडे अर्धी माहिती होती आणि ऑर्डर देताना दोघं एकत्र बसलेच नाहीत.

काय बिघडलं

गणपती झाल्यावर गिऱ्हाईक परतलं आणि तक्रारी सुरू झाल्या. वाइस आंबट लागतेय. ग्लासात फेसच राहत नाही. कुणी म्हणे लोण्यासारखा वास येतोय. दुसऱ्या टेबलावर उलट तक्रार, सगळा फेसच फेस, बिअर कुठाय? वेटर फेस सिंकमध्ये ओतून ओतून ग्लास भरायचे, म्हणजे माल डोळ्यांदेखत वाया. फेस कमी व्हावा म्हणून कुणीतरी केगमधली बिअर ढकलणाऱ्या सीओटू गॅसच्या रेग्युलेटरचं प्रेशर कमी केलं, त्याने एक-दोन दिवस बरं वाटलं आणि मग बिअर फ्लॅट झाली, कारण प्रेशर उतरलं की बिअरमध्ये विरघळलेला गॅस हळूहळू बाहेर येतो.

या सगळ्यात मला सगळ्यात वाईट वाटलं ते वेगळंच. गिऱ्हाईकाने आंबट आहे म्हटल्यावर वेटर सांगत होते, "साहेब, क्राफ्ट बिअर अशीच असते." त्यांना दोष नाही देत, त्यांनी स्वतः ती बिअर ताजी कधी चाखलीच नव्हती. पण विचार करा, आयुष्यात पहिल्यांदा वाइस मागवणारा माणूस, त्याला खराब झालेला ग्लास देऊन सांगितलं की हिची चवच अशी असते, तो पुन्हा कधी मागवेल? आणि कुठेच मागवणार नाही, फक्त इथे नाही. एका ब्रुअरीची महिनाभराची मेहनत केगपासून ग्लासापर्यंतच्या शेवटच्या दहा फुटांत वाया जाते ती अशी.

ब्रुअरीच्या माणसाला फोन गेला. तो आला, म्हणाला आमच्या बॅचमध्ये काही प्रॉब्लेम नाही, बाकी बार्सकडून एकही तक्रार नाही. मुलगा भडकला, याच्या डोक्यात सप्लायर बदलायचा. काका म्हणाले टॅप काढून टाका, बाटली बरी होती. याच टप्प्यावर मला बोलावलं.

नेमकं कारण शोधताना

दोष ब्रुअरीचा की घरचा, हे भांडून कळत नाही, चाखून कळतं, आणि त्याची पद्धत साधी आहे. वाइसच्या केगला थेट एक छोटा स्वच्छ पिकनिक टॅप लावला आणि नीट धुतलेल्या ग्लासात बिअर काढली. दुसरा ग्लास तसाच स्वच्छ, पण बिअर भिंतीवरच्या टॅपमधून. तिसरा ग्लास नेहमीच्या रॅकमधला, टॅपही नेहमीचा. तिन्ही शेजारी ठेवले आणि काका, मुलगा, कॅप्टन यांना कुठला कुठला ते न सांगता चाखायला दिले.

पहिल्यात केळं होतं, लवंग होती, म्हणजे थोडी थकलेली पण वाइस होती. दुसऱ्यात आंबटपणा आणि लोण्याचा वास. तिसऱ्यात तेच, वर फेस अर्ध्या मिनिटात गायब. म्हणजे वाइसच्या बाबतीत ब्रुअरी निर्दोष. लाईन, म्हणजे केगपासून टॅपपर्यंतची नळी, बसवल्यापासून एकदाही केमिकलने धुतली नव्हती, अधूनमधून पाणी सोडलं जात होतं तेवढंच, आणि आत जिवाणूंचा थर बसला होता, आंबटपणा आणि लोणी दोन्ही त्यांचं काम. फेस जायचं कारण ग्लास. बिअरचे ग्लास तळणाच्या प्लेटांबरोबर एकाच सिंकमध्ये, त्याच घासणीने धुतले जात होते. तेलाचा पुसटसा थर राहिला तरी फेस टिकत नाही. ओल्या ग्लासात आतून मीठ भुरभुरवलं की लगेच दिसतं, स्वच्छ ग्लासाला मीठ सगळीकडे सारखं चिकटतं, तेलकट जागी चिकटतच नाही. त्या रॅकमधल्या बहुतेक ग्लासांना मिठाने पट्टेच पट्टे दाखवले.

आयपीएची गोष्ट वेगळी निघाली. ती थेट केगमधून काढली तरी मेलेली होती, हॉप्सचा वास गेलेला, मागे ओल्या पुठ्ठ्यासारखी चव. लाईनचा संबंध नाही, ती जुनी झाली होती, आणि नुसती जुनी नाही तर रोज तापून थंड झालेली. रात्री बंद करताना किचनचा फ्रीज सोडून बाकी सगळ्याचा मेन खाली ओढायचा हा काकांचा जुना नियम, लाईट बिल वाचतं म्हणून, आणि केगचा चिलर त्याच मेनवर. दुसऱ्या दिवशी अकराला उघडून थर्मामीटर लावला तर आत १४ डिग्री, जिथे ३-४ हवेत. संध्याकाळचा फेसाचा गोंधळही त्यातलाच, कारण अर्धवट थंड झालेल्या केगमधून बिअर काढली की गॅस सुटतो आणि ग्लासभर फेस येतो. ऑक्टोबरचं ऊन लागलं तसा हा त्रास वाढत गेला होता.

म्हणजे एक कारण नव्हतं, चार होती आणि प्रत्येकाने दुसऱ्याला झाकलं होतं. सप्लायर बदलला असता तर महिन्याभरात त्याचीही बिअर आंबट झाली असती.

समोर कुठले मार्ग होते

काकांचं म्हणणं टॅप बंद करा. यात काही चूक नव्हती, मी त्यांना तसं सांगितलंही. बाटली आणि क्वार्टरवर धंदा व्यवस्थित चालत होता, टॅपमुळे नाव खराब होत होतं.

मुलाचं म्हणणं अगदी उलट, खर्चच करायचा तर नीट करू, मोठी कूलिंग सिस्टिम टाकू, सहा टॅप करू, लोकांना चॉइस पाहिजे. तिसरा मार्ग टॅप काढून क्राफ्ट बिअरचे कॅन आणि बाटल्या फ्रीजमध्ये ठेवायच्या, धोका कमी, सांभाळणं सोपं, पण ताज्या बिअरची मजा त्यात पूर्ण येत नाही. चौथा मार्ग टॅप कमी करायचे आणि जे ठेवू ते जीव लावून सांभाळायचे.

मी वही मागितली. श्रावण सोडून साध्या दिवसांत चार टॅप मिळून रोज बारा ग्लासच्या आसपास जात होते. तीस लिटरच्या केगमधून अर्ध्या लिटरचे कागदावर साठ ग्लास निघतात, फेस आणि लाईनमधली नासाडी धरली तर पंचावन्न. बारा ग्लास चार टॅपवर वाटले तर प्रत्येकी तीन, म्हणजे एक केग अठरा दिवस उघडा. तेच दोन टॅप ठेवले आणि वीस लिटरचा केग घेतला, ज्यातून छत्तीसएक ग्लास मिळतात, तर सहा दिवसांत केग संपतो. गिऱ्हाईक तेवढंच, एकही माणूस वाढलेला नाही, फक्त प्रत्येकाच्या ग्लासात येणारी बिअर कितीतरी ताजी. मला सगळ्या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं विचाराल तर हेच. किती प्रकारच्या बिअर ठेवायच्या हे मालकाच्या आवडीवर ठरत नाही, केग किती दिवसांत रिकामा होतो यावर ठरतं. दहा टॅपचा बोर्ड बघून मला आजकाल आनंद होण्याआधी आठवड्याचा खप किती हा प्रश्न पडतो.

मुलाला हे पटायला वेळ लागला कारण दोन टॅप म्हणजे आयपीए जाणार हे त्याला लगेच कळलं, आणि त्याची स्वतःची आवडती बिअर तीच. पण सगळ्यात कमी खप तिचा आणि सगळ्यात लवकर उतरणारी तीच. शिवाय या किचनशी तिचं फारसं जमत नव्हतं, कडवट आणि जोरदार गॅसवाली बिअर तिखट खाण्याबरोबर घेतली की तिखट आणखी झोंबतं, आणि इथे निम्मा मेनू तिखट.

चाखायला बाहेर पडणं

निर्णय घ्यायच्या आधी मी एकच गोष्ट आग्रहाने मागितली. काकांनी एकदा तरी ही बिअर जिथे बनते तिथे प्यावी. त्यांनी तोवर चारपैकी एकही बिअर पूर्ण ग्लास प्यायली नव्हती, आणि जे होतं ते आपल्याच भिंतीवरच्या टॅपमधून. लोअर परळ, अंधेरी अशा बाजूच्या ब्रू-पबमध्ये दुपारच्या वेळी गेलो, लोकलने, कारण चाखायला निघालेल्या माणसाने गाडी काढूच नये, १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही कायद्याची मर्यादा आहे आणि चार छोटे ग्लास कुठे नेऊन ठेवतील सांगता येत नाही. आणि नंतर ज्या ब्रुअरीचे केग येत होते तिथे.

ब्रुअरीत काकांनी पहिला प्रश्न विचारला तो पाण्याचा. हॉटेलवाला माणूस, त्याला पाण्याचं महत्त्व सांगावं लागत नाही. ब्रुअरने फार छान समजावलं. आपल्याकडे मुंबई-ठाण्याचं पाणी सह्याद्रीतल्या पावसाचं, धरणांत साठलेलं, मऊ, क्षार कमी. चेक रिपब्लिकमधल्या पिल्झनचं पाणी असंच मऊ आहे म्हणून तिथे ती हलकी सोनेरी पिल्सनर जन्माला आली, आणि इंग्लंडमधल्या बर्टनचं पाणी जिप्समने भरलेलं, त्यामुळे तिथल्या पेल एलचा कडवटपणा स्वच्छ आणि कोरडा लागतो. म्हणून आयपीए करताना तो पाण्यात जिप्सम घालतो, वाइसला फारसं काही करावं लागत नाही. केळ्याचा वास कुठल्या इसेन्सचा, हा काकांचा दुसरा प्रश्न. इसेन्स नाहीच, यीस्टच तो वास तयार करतं, लवंगेचाही. एवढं म्हणून त्याने टाकीतून सरळ एक ग्लास काढून दिला.

काकांनी वास घेतला, घोट घेतला, आणि मुलाकडे बघून म्हणाले, "ही आपल्याकडे होती तीच?" मुलगा म्हणाला, "हो बाबा, हीच." काका बराच वेळ काही बोलले नाहीत, मग ब्रुअरला विचारायला लागले की लाईन किती दिवसांनी धुवायची, कुठल्या पावडरने, ग्लास कसा धुवायचा. टॅप काढायचा विषय त्यानंतर निघालाच नाही. माझ्या मते खरा निर्णय इथे झाला, बाकी गणित फक्त त्याला आकार देण्यापुरतं.

काय केलं

दोन टॅप ठेवले, दोन बंद. जुन्या लाईन धुवत न बसता सरळ नवीन टाकल्या, लांबीही कमी केली. दर चौदा दिवसांनी कॉस्टिकच्या द्रावणाने लाईन धुवायची, टॅप उघडून त्याचे भाग वेगळे घासायचे, तीन महिन्यांनी एकदा ॲसिडने, म्हणजे आत बसणारा दगडासारखा थर निघतो. आधी हे काम कुणाचं होतं? बारला वाटायचं ब्रुअरी करेल, ब्रुअरीला वाटायचं बार करतो, कागदावर कुठेच लिहिलेलं नव्हतं. आता लिहिलंय: बार धुणार, ब्रुअरीचा माणूस महिन्यातून एकदा येऊन तपासणार. धुतल्यावर लाईनमधून भरपूर पाणी सोडून मगच बिअर, यात हयगय चालत नाही, कॉस्टिक पोटात जाणं धोक्याचं आहे.

चिलरला वेगळं एमसीबी, त्यावर काकांनी स्वतः टेप लावून मार्करने लिहिलं, "बंद करू नये." ग्लासांना वेगळा सिंक आणि वेगळी घासणी, भरायच्या आधी गार पाण्याची धार. रेग्युलेटरला फक्त कॅप्टनने हात लावायचा. प्रत्येक केगच्या गळ्यात पुठ्ठ्याचं लेबल: कधी आला, कधी टॅपला लागला. दहा दिवसांत न संपलेली बिअर पुढच्या वेळी ऑर्डर करायची नाही, मग ती कुणाचीही आवडती असो.

मग स्टाफ. एका दुपारी शटर अर्धं ओढून सगळ्यांना थोडी थोडी चाखवली, चांगली आणि मुद्दाम राखून ठेवलेली खराब, दोन्ही. एक वेटर अजिबात पीत नाही, त्याच्यावर जबरदस्ती केली नाही, तो नुसता वास घ्यायला शिकला आणि आज खराब ग्लास सगळ्यांच्या आधी तोच ओळखतो. नियम एकच दिला, गिऱ्हाईकाला शंका आली की ग्लास परत घ्यायचा, वाद घालायचा नाही.

मेनूवर बिअरची नावं आणि एबीव्ही (अल्कोहोलचं प्रमाण) एवढंच होतं, ते मुलाने पुन्हा मराठीत लिहिलं. वाइस: केळं-लवंगेचा वास, कडवट नाही, बोंबील फ्राय किंवा कोळंबीबरोबर. विट: हलकी, संत्र्याचं साल आणि धने, सुरमईबरोबर. स्टाउट: भाजलेल्या कॉफीसारखी, सुक्या मटणाबरोबर. पहिल्यांदा मागवणाऱ्याला दोन घोट आधी चाखायला द्यायचे, पटलं तरच ग्लास. आयपीए प्यायची असेल तर कॅन फ्रीजमध्ये आहे, तारीख बघून घेतलेला. इतकं सगळं झालं तरी मुलाला तो टॅप बंद करताना वाईट वाटलं, ते त्याने लपवलंही नाही.

काय झालं

दिवाळीपर्यंत केग बहुतेक आठवड्याभरात संपायला लागले. वाइस कायमची राहिली, दुसऱ्या टॅपवर विट, आणि थंडी पडल्यावर स्टाउट. सिंकमध्ये ओतला जाणारा फेस जवळपास थांबला आणि निव्वळ तेवढ्यानेच नवीन लाईनचा खर्च भरून निघायला मदत झाली. टॅपवर क्वार्टरसारखा नफा नाही, हे काका स्पष्ट सांगतात, पण टॅपची बिअर घेणारं टेबल जास्त वेळ बसतं आणि खातं, मासे त्या टेबलांवर जास्त जातात.

सगळं जमलं असं नाही. रिटायर मंडळींच्या टेबलाने एकदा चाखलं, छान आहे म्हणाले, आणि परत बाटलीवर गेले, त्यांना तीच आवडते आणि त्यात काही गैर नाही. आयटीतला एक मोठा ग्रुप, जो आंबट ग्लासच्या दिवसांत आला होता, तो पुन्हा आला नाही. एवढी मेहनत करूनही ती माणसं परत मिळाली नाहीत याचं मुलाला अजून लागतं. आणि वीस लिटरचे केग घेतल्यामुळे ब्रुअरीच्या टेम्पोला फेऱ्या जास्त, त्यामुळे कमीत कमी ऑर्डरवरून दर वेळी थोडी घासाघीस होतेच.

पुढच्या वर्षी गटारी झाल्यावर दुसऱ्याच दिवशी दोन्ही टॅप बंद केले, लाईन धुवून रिकाम्या ठेवल्या, बोर्डावर लिहिलं की टॅप गणपतीनंतर. शेवटचे केग गटारीच्या रात्री संपतील असे मोजून मागवले होते, थोडी विट उरली ती स्टाफ आणि शेजाऱ्यांनी संपवली.

वेगळं काय करता आलं असतं

सुरुवात एका टॅपने व्हायला हवी होती आणि ती गणपतीनंतर, शांत दिवसांत, जेव्हा खपाचा खरा आकडा दिसतो आणि स्टाफला शिकायला वेळ मिळतो. ऑर्डर देताना पंचांग समोर हवं. श्रावण, गणपती, नवरात्र, मार्गशीर्षातले गुरुवार, ड्राय डे, हे सगळं आधीच माहीत असतं आणि केगचं आयुष्यही माहीत असतं, दोन्ही एका कागदावर मांडायला अर्धा तास लागतो.

ब्रुअरीची भेट टॅप बसवायच्या आधी व्हायला हवी होती. मुलाने बिअर निवडल्या त्या पुण्यातल्या आठवणींवरून, किचनकडे बघून नाही. काका सुरुवातीलाच टाकीतला ग्लास प्यायले असते तर चिलरचा मेन त्यांनी एक दिवसही खाली ओढला नसता, हे ते स्वतःच म्हणतात. आणि ब्रुअरीनेही पहिला केग पाठवण्याआधी लाईन धुवायची पद्धत बसून शिकवायला हवी होती, नाव तर तिचंही जातं. या भागातल्या छोट्या ब्रुअऱ्यांनी हे मनावर घ्यावं असं मला फार वाटतं, कारण केग पोचवला की काम संपलं असं धरून चाललं तर आपल्याच शहरातली चांगली बिअर आपल्याच लोकांना वाईट म्हणून माहीत होईल.

सध्या मुलाच्या डोक्यात तिसरा टॅप आहे, कोकमाच्या सावर बिअरचा. उरण-पनवेलकडून येणाऱ्या पोरांना ती आवडेल आणि तळलेल्या माशांबरोबर ती कमाल लागते, यात मलाही शंका नाही. अडचण अशी की ही बिअर मुळातच आंबट, लॅक्टोबॅसिलस नावाच्या जिवाणूने मुद्दाम आंबवलेली, मग लाईन खराब होऊन आलेला आंबटपणा त्यात ओळखायचा कसा? काकांनी अट घातलीय की ताजी आणि बिघडलेली अशा दोन्ही सावर समोर ठेवायच्या, कॅप्टनने आणि त्या न पिणाऱ्या वेटरने डोळे बांधून वेगळ्या करून दाखवायच्या, तरच टॅप लागेल. पहिल्या वेळी वेटरला जमलं, कॅप्टनला नाही. पुढची चाचणी नवीन बॅच आली की घ्यायची ठरलीय.